आधीच्या कांडपाचे तीळ

लालबागच्या मागच्या गल्लीत, दोन चाळीसमजली टॉवरांच्या फटीत, वैजयंती घाडीचं मसाला कांडप केंद्र अजून तग धरून होतं. ठसका लागतो म्हणून टॉवरवाल्यांनी तीनदा तक्रार केली होती. चौथ्यांदा तक्रार घेऊन आलेली बाई जाताना "दोन किलो बेडगी निवडून मिळेल का हो?" असं विचारून गेली. स्वतःच्या घरच्या मसाल्याचा माणसाला ठसका लागत नाही, दुसऱ्याच्याच लागतो, हे वैजूचं तीस वर्षांचं संशोधन.

या धंद्याचा एकच नियम तिला सासूनं शिकवला होता. कुठल्याही घराचं प्रमाण दुसऱ्या घराला द्यायचं नाही. मिरची किती, धने किती, नागकेशर किती, हे बायका वैजूच्या कानात सांगत. कित्येक सासवा तर सुनेला "जा, जरा बाहेर रिक्षा बघ" म्हणून पिटाळत आणि मग सांगत. प्रमाण कागदावर उतरवायचं नाही, हा पोटनियम. वैजूनं त्यावर तोड काढली होती. प्रत्येक कांडपातली चिमूटभर पूड ती एका आगपेटीत ठेवायची. वर नाव नाही, फक्त एक खूण. पुढच्या वर्षी पेटी उघडून हुंगली की सगळं प्रमाण डोळ्यांपुढे उभं राहायचं. आगपेट्या हल्ली मिळेनाशा झाल्या होत्या. दर दसऱ्याला भुलेश्वरच्या पूजेच्या दुकानातून ती शंभराची चळत आणायची.

आता सरकारही तेच करत होतं, जरा मोठ्या प्रमाणावर. सात वर्षांपूर्वी तिखटातल्या विषारी रंगानं पुष्कळ माणसं आजारी पडली, तेव्हा कायदा झाला. प्रत्येक कांडपातला एक चमचा सीलबंद करून, घराच्या नावानिशी, खात्याकडे पाठवायचा. भेसळ नाही ना, ते यंत्र बघणार. कायदा चांगला होता. वैजूनं सात वर्षं इमानानं चमचे पाठवले. आपण भेसळीची परीक्षा देत नसून गल्लीतल्या चारशे घरांच्या ओळखी गोळा करून देतोय, हे तिला कळायला एक खून व्हावा लागला.

खून कांबळी सरांचा. मोतीराम निवास ही गल्लीतली शेवटची चाळ, आणि सर तिच्या सोसायटीचे सेक्रेटरी. निम्म्या गल्लीला त्यांनी गणित शिकवलं होतं. चाळ पाडून टॉवर बांधायच्या संमतीपत्रावर ते सही करत नव्हते. "शंभर वर्षांची चाळ आहे, शंभर दिवस विचार करू द्या," म्हणायचे. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी, संध्याकाळी, तिसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून ते खाली पडले. शर्टाची कॉलर फाटलेली होती. पडले नव्हते, ढकलले गेले होते.

ही जमीन कुणाला हवी होती ते गल्लीतल्या मांजरांनाही ठाऊक होतं. शशी मोरजकर, म्हणजे भाऊ. चाळी रिकाम्या करून देण्याचा त्याचा मोठा कारभार होता. त्याची माणसं सगळीकडे, आणि तो स्वतः कुठेच नाही. पण पकडला गेला ओमकार परब, त्याच चाळीत राहणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, एकोणतीस वर्षांचा. त्या संध्याकाळी तो चाळीत होता. आदल्या आठवड्यात त्यानं भर गॅलरीत सरांशी भांडण केलं होतं, आईला मोठी खोली हवी म्हणून. आणि सरांच्या कॉलरवर त्याच्या घरचा मसाला सापडला होता. टोळीचा माणूस म्हणून त्याला संघटित गुन्हेगारीचा कायदा लावला होता. त्यात जामीन नाही. भाऊचं नाव घे, सुटशील, असं पोलीस दीड वर्ष त्याला सांगत होते. ओमकारला काही ठाऊकच नव्हतं, तो घेणार काय?

ओमकारची आई उल्का ही वैजूची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच वर्षी, एकाच गल्लीत, नव्या नवऱ्या म्हणून आलेल्या.

आणि साक्षीचं समन्स वैजूला आलं होतं. सरकारच्या बाजूनं.

*

"फक्त एवढंच सांगायचं, घाडीबाई, की हा चमचा परबांच्या कांडपातला आहे आणि तुम्हीच पाठवलात," गौतमी रणपिसे म्हणाली. ती विशेष सरकारी वकील. वय पस्तिशीचं, डोळ्यांखाली काळं. कांडपात पाऊल टाकल्यापासून नऊ वेळा शिंकली होती. "उद्या प्रयोगशाळेत या. काय आहे ते बघून घ्या, म्हणजे कोर्टात गोंधळायला होणार नाही."

प्रयोगशाळेत डॉक्टर इरफान मुल्ला होते. मूळचे सांगलीचे, त्यामुळे त्यांनी आधी "बेडगी की शंकेश्वरी?" हा प्रश्न विचारला आणि मग खुर्ची दिली. यंत्र दिसायला कपडे धुवायच्या मशीनसारखं होतं.

"एका घरच्या मसाल्यात वीस ते तीस जिन्नस असतात," ते सांगू लागले. "प्रत्येक जिन्नसाची शेकडो वासाची द्रव्यं. मिरची कुठल्या मातीतली, धने किती भाजले, तेल किती सोडलं, सगळं त्या द्रव्यांत लिहिलेलं असतं. आम्ही कण तापवतो, त्याची वाफ करतो आणि त्या वाफेतल्या रेणूंना विजेचा धक्का देऊन पळवतो. हलका रेणू पुढे जातो, जड मागे राहतो. कोण कितव्या क्षणाला पोचला त्यावरून तो कोण ते कळतं. अशी हजारभर नावं आणि प्रत्येकाचं प्रमाण जुळलं, की घर सापडलं. बोटाच्या ठशासारखंच."

"आणि कण किती होते?"

"कॉलरच्या शिवणीत होते. सगळे मिळून खसखशीच्या एका दाण्याएवढे. पण कोरडे, बरं का. शिजवलेला मसाला यंत्राला वेगळा दिसतो. म्हणजे ज्यानं कॉलर धरली, त्याचा हात थोड्या वेळापूर्वी मसाल्याच्या डब्यात जाऊन आला होता."

त्यांनी पडदा दाखवला. त्यावर डोंगररांगेसारखी एक लाल रेघ होती, आणि तिच्यावर बरोबर बसलेली दुसरी निळी. लाल रेघ कॉलरची, निळी परबांच्या चमच्याची. कुठेही फट नाही.

वैजूला रेघा वाचता येत नव्हत्या. पण परबांचा मसाला तिला पाठ होता. मसाला वेलची जरा जास्त, शहाजिरं सढळ हातानं, नागकेशर नुसतं दाखवण्यापुरतं. त्या दोन रेघा जुळणारच होत्या. फक्त त्यातून जे सिद्ध होतं असं डॉक्टरांना वाटत होतं, ते होत नव्हतं.

कारण हा मसाला दोन घरांत होता. आणि हे अख्ख्या जगात फक्त तिला ठाऊक होतं.

"हे खाली बारीक बारीक काय आहे?" काहीतरी विचारायचं म्हणून तिनं विचारलं. लाल रेघेच्या पायथ्याशी गवतासारखी खुरटी टोकं दिसत होती.

"तो गोंगाट. कपड्यावर इतर काहीबाही असतंच. थोडे तीळ, थोडं खोबरं. संक्रांतीचे दिवस होते, तिळगूळ झाला असेल. यंत्र ते वजा करून टाकतं. आम्ही साफ केलेलीच रेघ वापरतो."

*

दुसरं घर होतं खुद्द शशी मोरजकरचं.

त्याची आई, सत्यभामाकाकी, बाजारात मासे विकायची. वैजूचा नवरा गेला तेव्हा सुतकाचे दिवसही पुरे झाले नव्हते आणि मालक कांडपाला कुलूप लावायला आला. तेव्हा काकी पाटी घेऊन उंबऱ्यात येऊन बसली आणि तीन दिवस तिथेच बसून तिनं मासे विकले. "माका ओलांडून कुलूप लाव," म्हणाली. मालकाची ओलांडायची छाती झाली नाही. वैजूचं कांडप उभं होतं ते त्या तीन दिवसांवर.

काकी स्वतःचा मसाला घरीच कुटायची. प्रमाण कुणाला सांगितलेलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, आणि ती कशालाही तोंड लावेना. तेव्हा शशी कांडपात आला होता. ज्याचं नाव ऐकून बिल्डर घामाघूम होत, तो माणूस मिरच्यांच्या पोत्यावर बसून रडला होता. "वैजूताई, आई जेवत नाही. तिचा मसाला करून दे."

वैजूनं दोनदा आपल्या अंदाजानं करून दिला. काकीनं ताट सरकवलं. तिसऱ्यांदा वैजूनं उल्काचा दिला, कारण उल्काच्या घरचं कालवण काकी एकदा बोटं चाटून जेवली होती. काकी जेवली. डोळ्यांतून पाणी काढून जेवली. त्यानंतर दर वर्षी वैजूनं सोमवारी, कांडप बंद असताना, शटर ओढून हा मसाला कुटला. चमचा खात्याकडे पाठवला नाही. एकच प्रमाण दोन नावांनी गेलं असतं तर यंत्रानं दोन्ही घरांना कळवलं असतं, आणि उल्का कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली असती.

म्हणजे दोन गुन्हे झाले होते, एक सरकारचा आणि एक सासूचा. सरकारचा छोटा होता.

घरी आल्यावर वैजूनं फळीवरच्या आगपेट्या खाली काढल्या. परबांची, खुनाच्या आधीच्या हंगामातली पेटी उघडून तिनं हुंगली. स्वच्छ. ते त्या वर्षीचं पहिलंच कांडप होतं, उखळ-मुसळं धुऊन पुसून झाल्यावरचं. मग त्याच हंगामातली सोमवारची पेटी उघडली. तोच वास. पण... तिनं डोळे मिटले. खाली, अगदी तळाशी, काहीतरी बसलं होतं. खमंग, तेलकट.

तीळ. आणि सुकं खोबरं.

तिला तो रविवार आठवला. शेवटचं कांडप करंदीकरांचं, गोडा मसाला. कांडप संपलं की उखळात मूठभर तांदूळ कुटून काढायचे, म्हणजे आधीच्याचा वास पुढच्याला लागत नाही. तीस वर्षांत तिनं ती मूठ कधी चुकवली नव्हती. पण त्या सोमवारी शटर ओढलेलं, शशी बाहेर उभा, तिनं घाईघाईनं मिरची उखळात ओतली होती. तांदूळ राहिले होते.

दार वाजलं. उल्का होती. दीड वर्षात वाळून निम्मी झालेली.

"गेली होतीस ना तिथे?" ती आत येऊन जमिनीवरच बसली. "मला त्या वकीलबाईनं सांगितलं, मसाला आमचाच आहे म्हणून."

"उल्का..."

"थांब. मी तुला खोटं बोल म्हणून सांगायला नाही आले. एवढंच सांगते, ओम्यानं जन्मात मसाल्याच्या डब्यात हात घातलेला नाही. त्याला चहाची पावडर कुठे आहे ते ठाऊक नाही, वैजू. लिफ्टमधून अडकलेली माणसं काढतो, पण भाताच्या कुकरची शिट्टी काढता येत नाही." ती हसली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसले. "जन्मठेप होईल म्हणतात. मी असेन का तो बाहेर येईपर्यंत?"

वैजूनं पाणी दिलं. सांगून टाकावं असं वाटलं. शब्द अगदी दातांपर्यंत आले. पण उल्काला सांगायचं म्हणजे आधी हे सांगायचं, की तुझ्या सासूनं मरताना तुझ्या कानात सांगितलेलं प्रमाण मी वाटून टाकलं.

"तू कोर्टात खरं ते सांग," उल्का उठत म्हणाली. "त्यातूनच काही निघालं तर निघालं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजू काकीला भेटायला गेली. का गेली ते तिला नीट सांगता आलं नसतं. बहुधा परवानगी मागायला.

मोरजकरांचं घर बाविसाव्या मजल्यावर होतं. दारात दोन धटिंगण होते. एकानं तिला ओळखून नमस्कार केला. त्याच्या आईचं कांडप तिच्याकडेच व्हायचं. आत स्वयंपाकघरात शशी, पांढऱ्या बनियनवर, सौंदाळे माशांना मीठ लावत होता.

"ये वैजूताई. बस. आईचं कालवण टाकतो."

हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. भाऊ कुठेही असो, सकाळ-संध्याकाळ आईचं कालवण स्वतः करतो. दुसऱ्याच्या हातचं ती खात नाही. वैजू मात्र आज पहिल्यांदाच बघत होती. त्यानं आईचा जुना डबा उघडला, दर वर्षीचा मसाला त्यातच जुन्यावर ओतला जायचा, आणि चमचा न घेता हात आत घातला. चार बोटांच्या खोबणीत मसाला घेतला, अंगठ्यानं सारखा केला, टोपात सोडला. हात झटकला आणि पंचाला पुसला. पुसल्यावरही बोटांच्या रेषा लालच राहिल्या.

"तुला चमचा नाही का रे?" वैजूच्या तोंडून गेलं.

"आईचा हात असाच होता. चमच्यानं चव येत नाही." तो गॅस बारीक करत म्हणाला, "उद्या साक्ष ना तुझी? एका शब्दाचं काम आहे. हो म्हणायचं, घरी यायचं."

"ओमकार पोरगा आहे रे, शशी."

त्यानं टोपात डाव फिरवला. "कांबळी सरांनी मला नववीत फुकट शिकवलं होतं," तो अचानक म्हणाला. "माझ्या माणसांना त्यांनी दारात उभं केलं नसतं. काही कामं... ज्याची त्यानंच करावी लागतात. आणि मग होऊ नये ते होतं." त्यानं मान वर केली तेव्हा चेहरा परत भाऊचा झाला होता. "तुझी मुलगी नाशिकला असते ना? बरी आहे?"

वैजू आत काकीपाशी गेली. खिडकीत, उशांना टेकून काकी बसली होती. डावा हात मेलेला. उजव्या हातानं तिनं वैजूचं मनगट धरलं. त्या हातात अजून पाटी उचलण्याचं बळ होतं. शशी ताट घेऊन आला, आईच्या गळ्याशी रुमाल लावला, काटा काढून घास भरवला. काकीचे डोळे मिटले. सुखानं.

हे सगळं मी उद्या मोडणार आहे, वैजूच्या मनात आलं. आणि नाही मोडलं तर उल्काचं मोडेल. कुणाचं तरी ताट उपडं होणारच होतं. फक्त कुणाचं, ते तिच्या जिभेवर होतं.

*

कोर्टात वातानुकूलन इतकं होतं की वैजूनं पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. पदराच्या गाठीत आगपेटी होती. ओमकार पिंजऱ्यात उभा होता, केस विरळ झालेले. तिला बघून त्यानं सवयीनं मान हलवली, "काय मावशी" म्हणतात तशी. उल्का मागच्या बाकावर होती.

गौतमीनं नेहमीचे प्रश्न विचारले. नाव, धंदा, किती वर्षं. हा चमचा परबांच्या कांडपातला? हो. तुम्हीच सील केलात? हो.

"शेवटचा प्रश्न," गौतमी फाईल मिटत म्हणाली. "परबांचं हे प्रमाण दुसऱ्या कुठल्या घरात आहे का?"

उत्तर 'नाही' येणार म्हणूनच तो प्रश्न होता. एक शब्द. मग घरी.

"आहे," वैजू म्हणाली.

गौतमीनं मिटलेली फाईल परत उघडली. न्यायाधीश चष्म्यावरून बघू लागले.

"कुणाच्या घरात?"

"साहेब, आधी दार लावून घ्यायला सांगा," वैजू न्यायाधीशांना म्हणाली. "आणि कुणाला बाहेर सोडू नका. मी नाव घेतल्यावर पाच मिनिटांत तो डबा नळाखाली धुतला जाईल."

न्यायाधीशांनी शिपायाला खूण केली. दार लागलं.

"शशी मोरजकरच्या घरात. मीच दिला. चार वर्षं देतेय." आता थांबले तर परत सुरू करता येणार नाही, म्हणून ती एका दमात बोलत सुटली. काकी, रिकामं ताट, ओढलेलं शटर, न पाठवलेला चमचा. "तो आईचं जेवण स्वतः करतो. डब्यात हात घालून मसाला घेतो. मी काल डोळ्यांनी बघितलं."

बचावाचे वकील दीड वर्षात पहिल्यांदाच ताठ बसले. गौतमीचा आवाज मात्र शांत होता. "घाडीबाई, तुम्ही आरोपीच्या आईच्या मैत्रीण आहात. तुमच्या शब्दावर कोर्ट का विश्वास ठेवील? मसाला दोन्हीकडे एकच असेल, तर कॉलरवरचा कुठल्या घरचा, हे कोण सांगणार?"

"तुमचे डॉक्टर." वैजू पुढच्या बाकावर बसलेल्या डॉक्टर मुल्लांकडे वळली. "डॉक्टर, तुम्ही गोंगाट म्हणून जे निवडून टाकलंत ना, ते परत आत टाका. मिरची निवडताना आम्ही पण देठं काढतो. पण फेकायच्या आधी बघतो. देठावरून माल कुठला ते कळतं." तिनं गाठ सोडली. "सरांना तिळगुळाचे तीळ लागलेले नाहीत. ते करंदीकरांच्या गोड्या मसाल्याचे आहेत. त्यांचं कांडप रविवारचं, मोरजकरांचं सोमवारचं. मधे उखळात मूठभर तांदूळ कुटायचे असतात, ते मी विसरले. म्हणून सोमवारच्या मसाल्यात तीळ आहेत, परबांच्यात नाहीत. करंदीकरांचा चमचा तुमच्याकडे आहेच. आणि ही सोमवारची चिमूट."

तिनं आगपेटी समोरच्या कठड्यावर ठेवली. सगळं कोर्ट त्या आगपेटीकडे असं बघत राहिलं, जणू ती आपोआप पेटणार होती.

गौतमी न्यायाधीशांकडे वळली. तिला मोरजकर हवा होता, आठ वर्षं हवा होता. पण ते बाजूला ठेवून ती आधी जे बोलली ते वैजूच्या लक्षात राहिलं. "महोदय, माझ्या पुराव्यात चूक असण्याची शक्यता आहे. मला ती तपासायची आहे."

वैजूनं मागे बघितलं नाही. पण उल्काची नजर तिला पाठीवर कळत होती. मुलगा सुटणार हे त्या नजरेला अजून उमगलं नव्हतं. प्रमाण दिल्याचं मात्र लगेच उमगलं होतं.

*

पोलीस मोरजकरांच्या घरी पोचले तेव्हा टोपात कालवण उकळत होतं. मसाल्याचा डबा कशाला नेताय, हे शशीला कळेना. मग कळलं. "आईचं जेवण होऊ द्या," एवढंच तो म्हणाला. अधिकारी मालवणकडचा होता, थांबला. शशीनं आईला भरवलं, तोंड पुसलं आणि नंतर खूप वेळ साबणानं हात धुतले. उशीर झाला होता. सरांच्या कॉलरवर ते हात दीड वर्षापूर्वीच उमटून बसले होते.

चौथ्या दिवशी अहवाल आला. डब्याच्या तळाचा जुना थर, आगपेटी, कॉलर, तिन्हींत तेच तीळ, तेच खोबरं, त्याच प्रमाणात. परबांच्या चमच्यात एक कणही नाही. डॉक्टर मुल्लांनी अहवालाच्या शेवटी स्वतःहून एक ओळ घातली होती की यापुढे वजा केलेली रेघही कोर्टापुढे ठेवण्यात यावी.

शशी आत गेला. पंधरवड्यानं ओमकार सुटला. वैजूच्या कांडपाला न नोंदवलेल्या कांडपांबद्दल सहा महिन्यांचं सील लागलं. दारात दोन पोलीस बसवले, ते दिवसभर शिंकत. गल्लीतल्या बायका पुढून जाताना आवाज चढवून बोलत, "आता परळला कांडपाला जावं लागणार. तिथे निदान पोटात राहतं." तिच्या धैर्याचं कौतुक पेपरवाल्यांनी केलं, पण पेपरवाले मसाला कुटायला येत नाहीत.

उल्का आली नाही. ओमकार एकदा पेढे देऊन गेला. "आई?" वैजूनं विचारलं. त्यानं मान खाली घातली. "थोडे दिवस जाऊ द्या, मावशी."

वैजू मात्र रोज दुपारी बाविसाव्या मजल्यावर जात होती. शशीची माणसं पांगली होती, काकीला सरकारी खर्चानं एक नर्स मिळाली होती. वैजू कालवण करून न्यायची आणि काकी ताट सरकवायची. तो मसाला वैजूकडे नव्हता. डबा कोर्टात मुद्देमाल म्हणून सीलबंद होता, आगपेटीही तिथेच, आणि उखळाला कुलूप. घरच्या खलबत्त्यात ते प्रमाण परत चोरून कुटायला तिचं मन धजेना. मुलगा कुठे गेला हे काकीला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. ती दाराकडे बघत बसायची. वैजू घास पुढे करायची, काकी तोंड फिरवायची. दिवसेंदिवस तिचं मनगटावरचं बळ उतरत चाललं होतं.

जगात तो मसाला आता एकाच घरात होता, आणि तिथे मागायला जायचं तोंड वैजूला नव्हतं.

एका दुपारी दार वाजलं. उल्का होती. हातात वर्तमानपत्रात बांधलेली पुडी.

"घे," ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "म्हातारी जेवत नाही म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या दारातला पोलीस सांगतो सगळ्यांना. दुसरं काम काय त्याला?" तिनं पुडी जवळजवळ फेकलीच. "तिच्या पोरानं माझ्या पोराला दीड वर्ष सडवलं. पण म्हातारीनं काय केलंय? तिला वाचा असती तर तिनंच शशीच्या कानाखाली काढली असती. जा, कर कालवण."

वैजूला बोलायचं होतं खूप. "उल्का, मी तुझा..."

"गप. त्याबद्दल मी तुला मेल्यावर माफ करीन, त्याच्या आधी नाही." उल्का आत आली आणि पाटावर टेकली, तीस वर्षं टेकत आली होती तशीच. "आणि हे बघ. हा जुन्या प्रमाणाचा. तो आता तिचा, घेऊ दे तिला. आमच्या घरचं मी बदललंय. घरी खलबत्त्यात कुटला, चार दिवस लागले, दंड भरून आलेत. काय बदललं ते तुला सांगणार नाही. ओम्याला पण नाही सांगितलं. मरताना सुनेच्या कानात सांगीन."

"बरं," वैजू म्हणाली.

"नुसतं बरं काय? विचार की. तुझ्या पोटात दुखत असेल."

उल्काच्या पदराला, बोटांना, केसांनासुद्धा वास येत होता. वैजूचं नाक नेहमीप्रमाणे तिच्या आधी पोचलं होतं. शहाजिरं निम्म्यावर आणलेलं. जायपत्री नवी. आणि एकच तिरफळ, भाजून टाकलेलं. चांगलं जमलं होतं. जुन्यापेक्षाही चांगलं.

वैजूनं पदरानं नाक पुसलं.

"सर्दी झालीय गं मला," ती म्हणाली. "काही कळत नाहीये."